आधी शीर्षक, मग मजकूर

(हीरक महोत्सवी वर्षातील दक्षिण कर्नाटक सहलीत, बैलकुप्पे येथील मुक्कामी, शाळेच्या संगणक मंडळापुढे मुख्याध्यापिकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर.)



मराठीची एम. ए. असलेल्या बाईने संगणकाविषयी काय सांगावे, असे तुमच्यापैकी काहींच्या मनात आले असेल. ते रास्त आहे. तथापि आज ज्या प्रश्नाविषयी बोलायचे आहे तो जितका संगणकाचा आहे तितकाच मराठीचाही आहे, आणि म्हणूनच संगणक शिक्षकांनी हा विषय माझ्याकडे सोपवला.

प्रश्न तुम्हांला ठाऊक आहे. हीरक महोत्सवासाठी माजी विद्यार्थ्यांच्या नोंदणीचे संकेतस्थळ आपल्या मंडळाने तयार केले. पहिल्या पानावर नाव आणि शाळा सोडल्याचे वर्ष लिहायचे, दुसऱ्या पानावर आठवणी आणि संपर्क. संगणक कक्षात सारे सुरळीत चालले. भाड्याने घेतलेल्या सर्व्हरवर चढवल्यावर मात पहिले पान भरून पुढे गेलेला माणूस पुन्हा पहिल्याच पानावर येऊन पडू लागला. कार्यालयात दूरध्वनी येऊ लागले. त्यांत सातवीनंतर शाळा सुटलेल्या आणि आता नातवंडांच्या मदतीने नोंदणी करू पाहणाऱ्या काही भगिनी होत्या. त्यांनी तीन-तीनदा नाव लिहिले आणि शेवटी आमच्या लेखनिकांना विचारले, "आमचे मराठीतले नाव चालत नाही का?"

यावर एका जाणकार हितचिंतकाने उपाय सुचवला: सगळा मजकूर इंग्रजीत करा, मराठीमुळे घोळ होतो. तुमच्यापैकी दोघांनी एक पान तसे करून पाहिले, आणि ते चालले. त्या दिवशी मंडळाच्या बैठकीत जी शांतता पसरली, ती मला बरी वाटली नाही. साठ वर्षांची मराठी माध्यमाची शाळा, आणि तिच्या उंबरठ्यावर माजी विद्यार्थिनीने आपले नाव परक्या लिपीत लिहावे, असा निर्णय एका चाललेल्या पानाच्या आधारावर होऊ घातला होता. औषधाने ताप उतरला म्हणजे निदान बरोबर होते असे सिद्ध होत नाही. म्हणून निदान पुन्हा करावयाचे ठरले.

प्रथम मूळ व्यवहार समजून घेऊ. ब्राउझर सर्व्हरकडे पान मागतो, सर्व्हर ते देतो, आणि देताच विसरतो. जालाची जी भाषा टिम बर्नर्स-ली यांनी सर्न या संस्थेत घडवली, ती मुळातच विसराळू आहे. प्रत्येक मागणी तिला पहिलीच वाटते. साध्या वाचनाला हे पुरेसे होते. परंतु दुकानात टोपली भरायची, परीक्षेला बसायचे, दोन पानांचा अर्ज भरायचा, तर 'हा मघाचाच माणूस' ही ओळख लागते. १९९४ साली नेटस्केप कंपनीतील लू मॉन्टुली या तरुण अभियंत्याने यावर तोड काढली. युनिक्स मंडळींत अशा ओळखचिठ्ठीला 'मॅजिक कुकी' म्हणत. त्यावरून त्याने हिला कुकी म्हटले. खाऊशी तिचा संबंध एवढाच.

कोणत्याही मोठ्या देवळाबाहेरचा चपलांचा कट्टा आठवा. चपला ठेवल्या की माणूस आपल्या हातात पत्र्याचा बिल्ला ठेवतो. बिल्ल्यावर फक्त आकडा असतो; चपला त्याच्याकडेच राहतात. परत आल्यावर आपण बिल्ला दाखवला नाही तर आपण त्याला अनोळखीच. कुकी म्हणजे तो बिल्ला. पहिल्या पानावर लिहिलेले नाव सर्व्हर आपल्या फडताळात ठेवतो, आकडा ब्राउझरच्या हाती देतो, आणि पुढल्या मागणीबरोबर ब्राउझर तो आकडा आपण होऊन दाखवतो. 'पुढल्या' हा शब्द ध्यानात ठेवा. कुकी दिल्यादिल्या त्याच पानात ती वाचू पाहणारी मुले मी पाहिली आहेत. ती तिथे मिळत नाही, कारण बिल्ला अजून गिऱ्हाइकाच्या हातात जायचा असतो, परत यायची गोष्ट दूरच.

हा बिल्ला देण्याची एक वेळ ठरलेली आहे. सर्व्हरच्या उत्तराचे दोन भाग असतात. आधी हेडर, म्हणजे शीर्षमाहिती: उत्तराची स्थिती, मजकुराचा प्रकार, कुकी, दुसऱ्या पानाकडे जाण्याची सूचना. मग एक कोरी ओळ. आणि मग मजकूर. कोरी ओळ ओलांडली, मजकुराचे पहिले अक्षर निघाले, की शीर्षमाहितीचे दार मिटले. आज दुपारी तिबेटी पोथ्यांची लांबट, सुटी पाने तुम्ही पाहिलीत. पानाच्या पुढल्या बाजूस मजकुराआधी एक नागमोडी चिन्ह असते. त्याला तिबेटीत 'यिग-गो' म्हणतात, अक्षरांचे मस्तक. आपल्याकडे पत्राच्या माथ्यावर 'श्री' लिहून मग मायना लिहीत, तसेच. कागदावर विसरलेला 'श्री' नंतर वरच्या कोऱ्या जागेत घालता येतो. सर्व्हरच्या पत्रात ती सोय नाही, कारण त्याचे पत्र लिहिता लिहिताच टपालात पडत असते.

आपले संकेतस्थळ पीएचपी या भाषेत आहे. रासमस लेरडॉर्फ यांनी १९९४-९५ च्या सुमारास स्वतःच्या गृहपृष्ठासाठी केलेल्या साधनांतून ती वाढली. ह्या भाषेत मजकूर आणि आज्ञा एकाच फाइलीत मिसळता येतात. आज्ञेच्या आरंभचिन्हाबाहेर जे काही असेल, मग ती एक रिकामी जागा का असेना, ते मजकूर म्हणून तत्काळ रवाना होते. नवशिक्यांना ही भाषा सोपी वाटते ती ह्या गुणामुळे, आणि आपला घोटाळाही त्यातूनच जन्मला.

आता त्रुटिसंदेशाकडे वळू. इथे मला माझ्या विषयाचा उपयोग झाला. भाड्याच्या सर्व्हरवर असे संदेश पाहुण्यांना दाखवणे बंद ठेवलेले असते, आणि ते योग्यच आहे. ते नोंदपुस्तकात, म्हणजे लॉग फाइलीत, लिहिले जातात. संगणक शिक्षकांनी ती फाइल उघडली तेव्हा एकच इंग्रजी वाक्य शेकड्याने पडले होते. त्याचा मराठी अर्थ असा: 'शीर्षमाहिती बदलता येत नाही, शीर्षके आधीच पाठवली गेली आहेत (निर्गमन अमुक फाइलीच्या अमुक ओळीपासून सुरू झाले), तमुक फाइलीत, तमुक ओळीवर.' बहुतेकांनी वाक्याचा शेवट वाचला आणि तमुक ओळीकडे धाव घेतली. तिथे कुकी देण्याची आज्ञा होती. तिच्यातले स्वल्पविराम तपासले, ती पुन्हा लिहिली, पुस्तकातून उतरवून घेतली. दोन दिवस गेले.

नववीच्या उताऱ्यावरील प्रश्नांप्रमाणे हे वाक्य वाचा. त्यात दोन ठिकाणे आहेत. शेवटी दिलेले ठिकाण तक्रार करणाऱ्याचे आहे: 'मी शीर्षक पाठवू पाहत होतो, मला अडवले गेले.' अडवणाऱ्याचा पत्ता कंसात आहे. आपण फिर्यादीलाच दोन दिवस कोठडीत ठेवले होते! कंसातल्या मजकुराला दुय्यम मानण्याची सवय मराठीच्या पेपरातही मुलांचे गुण घालवते, असो.

कंसात काय होते? मांडणीच्या फाइलीचे नाव, आणि ओळ पहिली. ती फाइल उघडली तर पहिल्या ओळीच्या पहिल्या घरात आरंभचिन्ह होते. त्याच्याआधी काहीही नव्हते. अक्षर नाही, रिकामी जागा नाही. आता संदेश खोटा म्हणायचा, की डोळे?

संदेश खरा होता. हे समजण्यासाठी लिपी संगणकात कशी राहते याचा थोडा इतिहास पाहावा लागेल, आणि तो सांगायला बैलकुप्प्यासारखे दुसरे ठिकाण नाही.

पूर्वी आपण ज्या मराठी फॉन्टांत प्रश्नपत्रिका टंकलिखित करीत असू, ते फॉन्ट म्हणजे वेषांतर होते. संगणकाच्या लेखी तिथे इंग्रजी अक्षरेच असत. त्यांच्यावर देवनागरीचे चित्र चढवलेले असे. फॉन्ट बदलला की 'शाळा' शब्दाचा चिवडा होई. युनिकोडने प्रत्येक लिपीच्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक दिला. १९९१ च्या पहिल्या आवृत्तीपासून देवनागरी त्यात आहे. तिबेटीची कथा अधिक खडतर. पहिल्या आवृत्तीत ती घेतली गेली, पुढल्या आवृत्तीत मांडणी न पटल्याने काढली गेली, आणि १९९६ साली दुसऱ्या आवृत्तीत नव्या मांडणीने परत आली. ब्राह्मीच्याच कुळातली, परंपरेप्रमाणे सातव्या शतकात थोन्मी संभोट यांनी भारतीय लिप्यांवरून सिद्ध केलेली ही लिपी. १९६०-६१ पासून इथे वसलेल्या, म्हणजे आपल्या शाळेपेक्षा किंचितच वडील असलेल्या, ह्या निर्वासित वस्तीने ती पाट्यांवर, पोथ्यांत आणि आता भ्रमणध्वनीच्या पडद्यावरही जपली आहे. आज दुकानाच्या काउंटरवर त्या लिपीत झरझर संदेश लिहिणारा तरुण तुम्ही कौतुकाने पाहत होता. त्या अक्षरांनाही आपल्यासारखीच प्रत्येकी तीन बाइटची जागा लागते.

तीन बाइट कसे? युनिकोडचे क्रमांक साठवण्याची जी पद्धत आज जगभर चालते, ती यूटीएफ-८. केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतील एका उपाहारगृहात टेबलावरच्या कागदी आसनावर तिचा आराखडा मांडला. (वहीच हवी असा हट्ट धरणाऱ्यांनी हे ऐकून ठेवावे.) तिच्यात इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो, देवनागरी वा तिबेटी चिन्हाला तीन लागतात. 'मराठी' ह्या शब्दात म, र, काना, ठ आणि दीर्घ वेलांटी अशी पाच चिन्हे. एकूण पंधरा बाइट.

आता गुन्हेगार. यूटीएफ-१६ नावाची दुसरी एक पद्धत आहे. तिच्यात दोन बाइटपैकी आधी कोणता वाचायचा हे सांगण्यासाठी फाइलीच्या माथ्यावर एक खूण ठेवतात, तिला बाइट ऑर्डर मार्क म्हणतात. यूटीएफ-८ मध्ये क्रमाचा प्रश्नच उद्भवत नाही, त्यामुळे खुणेची गरज नाही. तरीही विंडोजमधील नोटपॅड वर्षानुवर्षे यूटीएफ-८ निवडले की ती खूण आपण होऊन लावीत असे. २०१९ मधील विंडोज १० च्या आवृत्तीपासून खुणेविना जतन करणे ही तिथली नेहमीची पद्धत झाली. आपल्या संगणक कक्षातील यंत्रे त्याहून जुनी आहेत. ही खूण तीन बाइटची असते: २३९, १८७, १९१. पडद्यावर ती दिसत नाही. जुन्या पद्धतीने फाइल उघडली तर मात्र डोक्यावर दोन टिंबे असलेला आय, पाठोपाठ दुहेरी कोन आणि उलटे प्रश्नचिन्ह अशी ती प्रकट होते.

पुढचे तुम्ही ओळखले असेल. आरंभचिन्हाच्या आधी हे तीन बाइट बसले होते. पीएचपीच्या दृष्टीने ते मजकूर. ते निघाले, शीर्षमाहितीचे दार मिटले, बिल्ला दिला गेला नाही, आणि दुसऱ्या पानाने माजी विद्यार्थिनीला ओळखले नाही.

इंग्रजी पान का चालले, हेही आता उलगडते. निव्वळ इंग्रजी मजकूर असेल तर नोटपॅड जुन्या पद्धतीने, खुणेविना, जतन करी. मराठी अक्षर आले की यूटीएफ-८ निवडावे लागे आणि खूण चिकटे. मराठी आणि बिघाड नेहमी एकत्र दिसत, म्हणून मराठी दोषी ठरली. यावर संगणक शिक्षकांनी दोन प्रयोग करून घेतले. मराठी मजकुराची फाइल खुणेविना जतन केली: चालली. निव्वळ इंग्रजी फाइल मुद्दाम खुणेसह जतन केली: तोच बिघाड, तोच संदेश, तीच पहिली ओळ. दुसरा प्रयोग मला अधिक मोलाचा वाटतो. पहिल्याने आपले काम झाले असते. दुसऱ्याने आरोप धुऊन निघाला.

एक शंका आठवीतल्या मुलीने बरोबर काढली होती: मग शाळेतल्या संगणकावर हेच पान कसे चालत होते? तिथेही खूण होतीच की. तिथे निर्गमन लगेच रवाना न करता काही काळ साठवून ठेवण्याची सोय चालू होती. तिला आउटपुट बफरिंग म्हणतात. शिकाऊ मांडणीत तिची मर्यादा सहसा ४०९६ बाइट ठेवलेली असते. मजकूर त्या रांजणात थांबतो, तोवर शीर्षक पाठवायला दार उघडे राहते. भाड्याच्या सर्व्हरवर रांजण नव्हता. 'माझ्याकडे तर चालते' ह्या वाक्यातले 'माझ्याकडे' म्हणजे नक्की कोणती मांडणी, हे विचारायला त्या मुलीने शिकवले.

मग सर्व्हरवरही रांजण बसवावा का? तसे सुचवणारे पुष्कळ भेटतात. माझे मत विरुद्ध आहे, आणि त्याचे कारणही मराठीशी निगडित आहे. ४०९६ बाइटमध्ये इंग्रजीची तितकीच अक्षरे मावतात. देवनागरीची चिन्हे अवघी १३६५. समजा, पानाच्या माथ्यावर अध्यक्षांचे मनोगत छापले आणि कुकी देण्याची आज्ञा त्याच्या खाली राहिली. इंग्रजी मनोगत रांजणात मावेल, तेवढेच लांब मराठी मनोगत काठावरून सांडेल, दार मिटेल, आणि पुन्हा कुणीतरी म्हणेल की मराठीमुळे घोळ होतो. तेव्हा आज्ञांचा क्रमच सुधारावा: आधी तपासणी, मग शीर्षके आणि कुकी, आणि सर्वांत शेवटी मजकूर. ज्या फाइलीत निव्वळ आज्ञा आहेत तिच्या अखेरीचे समाप्तिचिन्हही लिहू नये. त्याच्या खाली चुकून राहिलेल्या कोऱ्या ओळी हाच अपराध करतात, आणि त्यांचा पत्ता फाइलीच्या शेवटच्या ओळीवर सापडतो. ते चिन्ह गाळणे ह्या भाषेत शिष्टसंमत आहे.

कुकीत मराठी नाव थेट ठेवू नये, हेही ह्या ओघात सांगते. कुकीच्या मूल्यात देवनागरी जशीच्या तशी जात नाही. प्रत्येक बाइटचे टक्क्याच्या खुणेसह तीन अक्षरांत रूपांतर होते, म्हणजे एका चिन्हाची नऊ अक्षरे. 'मराठी'ची पंचेचाळीस झाली. एका कुकीला साधारण ४०९६ बाइटची मर्यादा असते. शिवाय बिल्ल्यावर चपलेच्या मालकाचे नाव कोरण्याचे कारण नाही, आकडा पुरे. तो आकडा दुसऱ्याच्या हाती पडू नये म्हणून कुकी केवळ सुरक्षित जोडणीवरूनच जावी आणि पानातल्या लिपिकेला वाचता येऊ नये, अशी दोन बंधने संगणक शिक्षकांनी आधीच घातली आहेत.

खूण काढल्यावर बहुतेक दूरध्वनी थांबले. तरी मोजके लोक अजून पहिल्या पानावर परततात, आणि ते काम अपुरे आहे. गेल्या आठवड्यात त्यातला एक धागा सापडला. निमंत्रणपत्रिकेवर आपण पत्ता आरंभीच्या तीन 'डब्ल्यू'सह छापला. अर्जाचे दुसरे पान मात्र त्या तीन अक्षरांविना असलेल्या पत्त्यावर जाते. माणसाला हे दोन्ही पत्ते एकच वाटतात, ब्राउझरला ती दोन वेगळी घरे वाटतात. क्षेत्र न सांगता दिलेली कुकी ज्या घराने दिली त्याच घरी परत दाखवली जाते; उत्तर दाराच्या कट्ट्यावरचा बिल्ला दक्षिण दारी चालत नाही. इथे त्रुटिसंदेश मुळीच येत नाही, कारण कोणत्याही आज्ञेला कुणी अडवलेले नसते. म्हणून हे शोधायला ब्राउझरमधील तपासणीचे दालन उघडून कोणते शीर्षक गेले, कोणते आले, हे ओळीओळीने वाचावे लागते. उपाय सोपा आहे: एका पत्त्यावर आलेल्याला प्रथमच दुसऱ्या पत्त्यावर पाठवावे, म्हणजे कुकी एकाच घरात राहील.

परत गेल्यावर पहिल्या सोमवारी नववीच्या दोन विद्यार्थिनी हे काम संगणक शिक्षकांच्या देखरेखीखाली करतील. आठवीचा गट सर्व फाइलींची पहिली ओळ तपासून वहीत नोंद करील. कोणती फाइल कुणी, कोणत्या यंत्रावर जतन केली तेही लिहायचे आहे. ज्यांच्या नोंदण्या परतल्या त्यांतील ज्यांनी दूरध्वनी केला, त्यांची नावे कार्यालयातील वहीत आहेत. त्यांना मी शाळेच्या कागदावर पत्रे लिहिणार आहे: त्यांच्या नावात, वयात किंवा भाषेत काही दोष नव्हता, वाट आता मोकळी आहे, आणि ज्यांना पुन्हा यंत्रासमोर बसायचे नसेल त्यांनी उत्तरी पोस्टकार्ड धाडावे, आपली मुले ती नोंद करतील. मजकूर तयार आहे. हस्ताक्षर चांगले असणारांनी उद्या बसमध्ये माझ्याकडे नावे द्यावीत.